कर्ता कोठे गेला?

शेजारच्या घरातील नववीत शिकणारी मुलगी एके दिवशी दिवेलागणीच्या वेळी इंग्रजीची वही घेऊन माझ्याकडे आली. वहीत वीस वाक्ये होती आणि माथ्यावर आज्ञा होती : 'चेंज द व्हॉइस'. पहिलेच वाक्य 'द प्रीस्ट लिट द लॅम्प', म्हणजे पुजाऱ्याने दिवा लावला, असे होते. मुलीने त्याचे 'द लॅम्प वॉज लिट बाय द प्रीस्ट' हे रूपांतर क्षणार्धात करून दाखविले. कर्म उचलून पुढे आणावयाचे, 'टु बी' या धातूचे काळास योग्य असे रूप ठेवावयाचे, मूळ क्रियापदाचे तिसरे रूप घालावयाचे, मग 'बाय', आणि सर्वांच्या शेवटी बिचारा कर्ता. रीत कोठेही चुकली नव्हती. वीसही वाक्ये बरोबर होती. वही मिटता मिटता तिने सहज विचारले, "काका, दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच ना? बाई म्हणाल्या, अर्थ बदलत नाही, नुसती रचना बदलते. आणि 'बाय'च्या पुढचे गाळले तरी चालते."

त्या बाईंचा मला राग नाही. त्यांनाही त्यांच्या शाळेत हेच शिकविले गेले होते, आणि मलाही. रेन व मार्टिन यांचे व्याकरण ज्या घरात नाही असे शिकलेले घर आपल्यात विरळा, आणि त्याच्या आधीच्या पिढ्यांनी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी पक्के केले. परंतु 'अर्थ बदलत नाही' आणि 'गाळले तरी चालते' ही जी दोन वाक्ये आपण शंभराहून अधिक वर्षे मुलांच्या कानांत घालीत आलो आहोत, त्यांतील पहिले खोटे आहे आणि दुसरे धोक्याचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मी वकील आहे. 'कोणी केले?' हा प्रश्न विचारण्यावरच माझा चरितार्थ चालतो. तेव्हा या प्रश्नाचे उत्तर गाळण्याचा सराव पोरांकडून रोज वीस वाक्यांच्या हिशेबाने करून घेतला जात असेल, तर त्याविरुद्ध बोलणे माझ्या धंद्याचेच काम आहे.

प्रथम 'अर्थ बदलत नाही' या विधानाचा समाचार घेऊ. इंग्रजी भाषा स्वतःच त्यास साक्ष देत नाही. एखाद्याजवळ घर आहे हे सांगणारे 'ही हॅज अ हाउस' हे वाक्य घ्या. त्यास कर्म आहे, म्हणजे नियमाप्रमाणे ते फिरविता आले पाहिजे. फिरवून पाहा, कोणताही इंग्रज हसेल. 'मुलगा बापासारखा दिसतो' यातील 'रिझेंबल', किंमत सांगणारे 'कॉस्ट', उणीव सांगणारे 'लॅक', ही सारी क्रियापदे कर्म बाळगतात आणि तरीही पॅसिव्ह होण्यास साफ नकार देतात. कारण उघड आहे : तेथे कोणी कोणास काही करीतच नाही. उलट 'आय वॉज बॉर्न इन फोंडा' हे वाक्य पाहा. हे रूपाने पॅसिव्ह आहे, आणि जन्मलेल्या माणसास ते अॅक्टिव्ह करावयाचे तर आईस वाक्यात बोलावून आणावे लागते. वाक्याची दोन रूपे म्हणजे एका नाण्याच्या दोन बाजू असत्या तर प्रत्येक नाण्यास दोन बाजू सापडल्या असत्या. तशा त्या सापडत नाहीत.

जेथे दोन्ही रूपे सुखाने होतात तेथेही अर्थ जागचा हलतो. नोम चॉम्स्की यांनी 1957 साली 'सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स' या छोटेखानी पुस्तकात ही गोष्ट दाखवून दिली. त्यांचे उदाहरण भाषांचे होते, मी आपल्या परिसरातले देतो. 'या देवळातील प्रत्येक सेवेकरी दोन आरत्या जाणतो' असे म्हटले तर ज्याच्या त्याच्या दोन आरत्या वेगळ्या असू शकतील. तेच इंग्रजीत उलटे करून 'दोन आरत्या प्रत्येक सेवेकऱ्याकडून जाणल्या जातात' अशा धर्तीवर लिहा, म्हणजे वाचणाऱ्यास त्याच दोन आरत्या सर्वांस येतात असे वाटेल. शब्द तेच, माणसे तीच, पण आरत्यांची संख्या बदलली. एखाद्या मृत्युपत्रात किंवा करारनाम्यात अशी अदलाबदल झाली तर मला दहा वर्षे पुरेल इतके काम मिळेल.

आज्ञार्थाची कथा तर करुणच आहे. 'दार लाव' याचे पॅसिव्ह म्हणून 'लेट द डोअर बी शट' असे मुलांकडून लिहवून घेतात. असे दार जगात कोणी कोणाकडून लावून घेतले असेल, असे मला वाटत नाही. परीक्षेत मात्र त्यास एक गुण आहे.

आता आपल्या भाषेकडे येतो, कारण खरा घोटाळा तेथे झालेला आहे. शाळेत 'व्हॉइस' या शब्दास 'प्रयोग' हा प्रतिशब्द दिला, अॅक्टिव्ह म्हणजे कर्तरी व पॅसिव्ह म्हणजे कर्मणी असे समीकरण मांडले, आणि दोन निरनिराळ्या कुळांचे लग्न लावून टाकले. मराठीचा प्रयोग हा मुख्यतः क्रियापद कोणाच्या मागे जाते याचा विचार आहे. 'रामाने आंबा खाल्ला, रामाने चिंच खाल्ली'. येथे क्रियापद कर्माच्या मागे गेले म्हणून प्रयोग कर्मणी. पण या वाक्यात राम कोठे हरवला आहे काय? तो पहिल्याच जागी ठाण मांडून बसला आहे. आपल्या व्याकरणकारांनी तर या रचनेस 'प्रधानकर्तृक कर्मणी' असे नाव देऊन ठेविले आहे. प्रयोग कर्मणी असला तरी प्रधान कर्ताच, हे त्यांनी नावातच बजाविले. कोंकणीतही 'रामान आंबो खालो' म्हणताना रामाचे काही बिघडत नाही. उलट कोंकणी एक पाऊल पुढे आहे. मराठीत 'मी तिला पाहिले' म्हणताच क्रियापद तटस्थ होऊन नपुंसकलिंगात बसते व प्रयोग भावे होतो. कोंकणीत 'हांवें तिका पळयली' असे म्हणून क्रियापद तिच्याच मागे जाते. इतके बारकावे ज्या दोन भाषांत आहेत, त्या भाषा घरात बोलणाऱ्या मुलास आपण सांगतो की जगात दोनच प्रकार, एक अॅक्टिव्ह आणि दुसरा पॅसिव्ह. मग ते मूल 'रामाने आंबा खाल्ला' हे वाक्य दिसताच, प्रयोग कर्मणी आहे म्हणून, 'द मँगो वॉज ईटन बाय राम' असे भाषांतर करते. चूक त्याची नाही. त्यास दिलेला तराजूच खोटा आहे.

या समीकरणाचा उलटा प्रवाह अधिक वाईट ठरला. इंग्रजी पॅसिव्हच्या साच्यात मराठी ओतून 'रामाकडून रावण मारला गेला' असे वाक्य तयार झाले आणि शालेय व्याकरणांनी त्यास 'नवीन कर्मणी' या नावाने पंक्तीत पान वाढले. वाचकांनी हे वाक्य एकदा मोठ्याने म्हणून पाहावे. मराठी कानास 'कडून' या शब्दात एक छटा हमखास ऐकू येते. 'माझ्याकडून पेला फुटला' असे आपण म्हणतो तेव्हा पेला फोडण्याचा माझा हेतू नव्हता, हात लागला आणि फुटला, एवढे त्यात आपोआप येते. 'मी पेला फोडला' यात हेतू येतो. हेतू होता की नव्हता, या एका मुद्द्यावर फौजदारी न्यायालयात माणसाचे आयुष्य टांगलेले असते, आणि मराठीने तो भेद एका प्रत्ययात सांभाळून ठेविला आहे. इंग्रजीच्या 'बाय'ला ती छटा नाही. तेव्हा 'रामाकडून रावण मारला गेला' याचा मराठी अर्थ असा होतो की, प्रभू रामचंद्र सहज बाण पुसत बसले होते, हात लागला, आणि लंकाधिपती मध्ये आला! ज्या समाजात दर दसऱ्यास रावण जाळतात त्याच्या पाठ्यपुस्तकात हे वाक्य नमुना म्हणून छापले जाते. वर्तमानपत्रांत तर 'न्यायालयाकडून निकाल दिला गेला' हे नित्याचे झाले आहे. निकाल न्यायालयाच्या हातून निसटून पडला की काय, असा मला दर वेळी भास होतो.

याचा अर्थ पॅसिव्ह रचना त्याज्य आहे असा मात्र नव्हे. जॉर्ज ऑर्वेल यांनी 1946 सालच्या एका गाजलेल्या निबंधात, अॅक्टिव्ह वापरता येत असेल तेथे पॅसिव्ह कधीही वापरू नये, असा दंडक घालून दिला. मला तो मान्य नाही, आणि खुद्द ऑर्वेल यांनाही तो त्याच निबंधात पाळता आलेला नाही, हे पुढील अभ्यासकांनी दाखविले आहे. कर्ता ठाऊक नसेल, किंवा इतका उघड असेल की सांगणे बालिश ठरेल, तेथे तो गाळणे हेच शहाणपणाचे. रात्री देवळाची फंडपेटी फुटली आणि सकाळी ती रिकामी सापडली, तर 'पेटी फोडण्यात आली' हेच सत्यवचन होय. कोणाचे नाव घेतले तर उलट अब्रुनुकसानीचा दावा लागेल. सौजन्यासाठीही ही रचना उपयोगी पडते. संस्कृत नाटकांत पाहुण्यास 'बसा' अशी आज्ञा न करता 'आस्यताम्' म्हणतात, म्हणजे बसण्याची क्रिया घडो. समोरच्यावर बोट रोखले जात नाही.

कायद्याची भाषा या बाबतीत फार बोलकी आहे. 1860 सालचा भारतीय दंडविधान घ्या, किंवा 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी आलेली भारतीय न्याय संहिता घ्या. गुन्ह्याचे कलम बहुधा 'जो कोणी' या शब्दांनी सुरू होते : जो कोणी अमुक कृत्य करील, त्यास अमुक शिक्षा केली जाईल. पहिल्या अर्ध्यात कर्ता प्रथमेत, डोके वर काढून उभा. दुसऱ्या अर्ध्यात शिक्षा देणाऱ्याचे नाव नाही, कारण ती न्यायालय देणार हे पोरासही समजते. एकाच वाक्यात दोन्ही रचना, प्रत्येक आपापल्या जागी. संविधानाचे तसेच आहे. उद्देशिकेत 'आम्ही भारताचे लोक' कर्ते आहोत आणि क्रियापदे त्या 'आम्ही'ची आहेत. पुढे सतराव्या अनुच्छेदात अस्पृश्यता नष्ट करण्यात आल्याचे सांगितले आहे ते पॅसिव्हमध्ये, कारण कर्ता आधीच आरंभी सही करून बसलेला आहे. मात्र तो अनुच्छेद आपण सुटा वाचतो आणि समजतो की, दिल्लीत कोणीतरी काहीतरी नष्ट केले, आमचा त्याच्याशी संबंध पाहुण्याचा. देवळाच्या गर्भागारापुढे कोण कोठवर येऊ शकतो याविषयी ज्या समाजात अजून कुजबुज चालते, त्या समाजाने त्या अनुच्छेदाचा कर्ता शोधून वाचावा, ही माझी विनंती आहे.

तेव्हा भांडण रचनेशी नाही, ती न विचारता वापरण्याच्या सवयीशी आहे. ही सवय मोठमोठ्यांस लागते. अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रीगन यांनी इराणला शस्त्रे विकल्याच्या प्रकरणावर 27 जानेवारी 1987 रोजी आपल्या संसदेपुढे भाषण केले. जोखीम 'मी' घेतली आणि तिची जबाबदारी 'मी' स्वीकारतो, असे ते अॅक्टिव्हमध्ये म्हणाले. आणि दोनचार वाक्यांनंतर, ते साधताना गंभीर चुका 'केल्या गेल्या', असे पॅसिव्हमध्ये म्हणाले. धाडस करणारास नाव आहे, चुका करणारास नाही. 'बाय'च्या पुढचे गाळले तरी चालते, हा नियम त्यांच्याही शाळेत शिकवीत असावेत.

पण अमेरिका दूर आहे. माझा अनुभव घरचा आहे. काही वर्षांपूर्वी एका देवस्थानच्या काही महाजनांनी मला एक दावा चालविण्यास दिला. गाव व दैवत यांची नावे मी सांगत नाही. देवळातील रुप्याच्या दोन मोठ्या समया नाहीशा झाल्या होत्या. समितीचे इतिवृत्त सुवाच्य अक्षरात, शुद्ध मराठीत लिहिलेले होते. 'देवालयातील दोन समया उजाळा देण्यासाठी पाठविण्यात आल्या. पाठविण्यापूर्वी वजन करण्यात आले नाही. पुढील सभेत चौकशी करण्यात यावी असे ठरविण्यात आले.' पुढील सभेच्या नोंदीत 'चौकशी करण्यात आली' एवढेच होते. मी चिटणिसांची उलटतपासणी घेतली. समया कोणी पाठविल्या? समितीने. समितीतील कोणी उचलून नेल्या? तसा ठराव करण्यात आला होता. ठराव समया उचलीत नाही. कोणाच्या हाती दिल्या? हाती देण्यात आल्या होत्या. त्या सज्जन माणसाने खोटे असे एकही वाक्य उच्चारले नाही, आणि खरे असेही एक सांगितले नाही. तो लबाड होता असे मला आजही वाटत नाही. शाळेत ज्या रीतीने शिकला त्याच रीतीने तो वाक्य फिरवीत होता. समितीस सामुदायिक रीत्या जबाबदार धरता येते हे मला ठाऊक आहे; पण समित्या बदलतात, माणसे वारतात, आणि इतिवृत्तात नाव नसेल तर आठवणीवर किती टेकावयाचे? दावा आम्ही हरलो. समया परत आल्या नाहीत.

यावर एक आक्षेप येईल हे मला ठाऊक आहे, कारण तो त्याच प्रकरणात न्यायालयाच्या पायरीवर एका वृद्ध महाजनांनी माझ्यापुढे मांडला. ते म्हणाले, "अहो वकीलसाहेब, देवाच्या कामात 'मी केले, मी केले' कशाला? कर्तेपणाचा अहंकार सोडावा असेच आपले शास्त्र सांगते. 'करण्यात आले' हीच नम्रता." आक्षेप गोड आहे, म्हणून त्यास नीट उत्तर दिले पाहिजे.

आपण पूजेस बसतो तेव्हा प्रथम काय करतो? संकल्प. त्यात संवत्सर, अयन, ऋतु, मास, पक्ष, तिथी, वार हे सारे उच्चारतो, देश सांगतो, आपले गोत्र सांगतो, नाव सांगतो, आणि मग 'करिष्ये' म्हणतो, म्हणजे मी करीन. इतका सांगोपांग कर्ता इंग्रजी कायद्याच्या प्रतिज्ञापत्रातही नसतो. एवढेच नव्हे, 'करिष्ये' हे रूप आत्मनेपदी आहे, म्हणजे क्रियेचे फळ ज्याचे त्याला. प्राचीन वैयाकरणांनी हा भेद यज्ञाच्याच उदाहरणाने शिकविला : यजमान स्वतःसाठी यज्ञ करतो म्हणून 'यजते', ऋत्विज दुसऱ्यासाठी करतो म्हणून 'यजति'. कोणी केले एवढ्यावर न थांबता कोणासाठी केले हेही क्रियापदाच्या शेपटात बांधणारी ही परंपरा आहे. पाणिनीने कर्त्याचे लक्षण सांगितले ते 'क्रियेत जो स्वतंत्र तो' असे. आणि पूजा संपल्यावर, शेवटी, आपण पळीभर पाणी सोडून ते कर्म ईश्वरास अर्पण करतो. क्रम लक्षात घ्यावा. आधी नाव, गोत्र, 'मी करीन', मग कर्म, मग अर्पण. जे आपले म्हणून कधी सांगितलेच नाही ते अर्पण कसे करणार? आमचे चिटणीस संकल्प न करताच थेट उदक सोडतात, आणि तेही समया गेल्यावर.

मी त्या वृद्ध गृहस्थांस हे सांगितले तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "म्हणजे इतिवृत्तातसुद्धा गोत्र लिहावयाचे की काय?" गोत्र नको. नाव पुरे.

शिक्षकांकडे माझे मागणे फार नाही. परीक्षेची पद्धत मी बदलू शकत नाही आणि मुलांचे गुण बुडावेत अशी माझी इच्छा नाही. पण वीस वाक्ये फिरवून घेतल्यावर एकविसावा प्रश्न तोंडी विचारावा : या दोहोंपैकी कोणते वाक्य तू कोठे वापरशील, आणि का? 'खिडकी फुटली आहे' हे कोण म्हणेल, आणि 'बंड्याने खिडकी फोडली' हे कोण म्हणेल? मुलांस हे उत्तम समजते. घरी खिडकी फुटली की ती वर्गात न शिकलेला पॅसिव्ह अचूक वापरतात. दुसरे असे की 'व्हॉइस' आणि 'प्रयोग' यांचे ते समीकरण फळ्यावरून पुसावे. मराठी वा कोंकणी वाक्याचे इंग्रजी करताना कर्ता कोण व त्यावर भर आहे की नाही एवढे पाहावे, प्रत्यय मोजू नयेत.

शेजारच्या मुलीस मी तिच्या पहिल्याच वाक्यावरून हे समजावून सांगितले. पुजारी कोण आहे हे विचारले तर पुजाऱ्यापासून सुरुवात कर. दिवा अंधारात कसा दिसत होता याचे वर्णन असेल तर दिव्यापासून कर. आणि पुजाऱ्यास गाळण्यापूर्वी दिवा लावल्याबद्दल कोणास शाबासकी द्यावयाची राहून जाते का ते बघ. ती म्हणाली, "आणि दिव्याने पडदा पेटला असेल तर?" मुलगी हुशार आहे. मी तिला वकिलीचा अभ्यास कर असे सांगितले.

गोव्यातील देवस्थानांस 1933 सालची पोर्तुगीजकालीन नियमावली आजही लागू आहे आणि तिचे मराठी रूपांतर हाताशी घेऊन मी एक लहानसा ठराव तयार केला आहे. देवाचे द्रव्य, दागिने वा भांडी देवळाबाहेर जातील तेव्हा ती कोणी दिली, कोणी घेतली, वजन कोणी केले, हे इतिवृत्तात कर्तरी वाक्यात, नावानिशी लिहावे, आणि त्या वाक्याखाली त्या माणसाची सही असावी. मी ज्या देवस्थानचा महाजन आहे त्याच्या पुढील सर्वसाधारण सभेत मी तो मांडणार आहे. अनुमोदक मिळाला आहे. ठराव मंजूर होईल असा माझा अंदाज आहे, आणि त्याची नोंद आमचे चिटणीस कोणत्या शब्दांत करतील हेही मला आज सांगता येते : 'सदर ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला.'